शिक्षक निवडायचा, पण त्याच्याशी न बोलता

महाराष्ट्रात बी.एड.च्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे सीईटीला, नव्वद मिनिटे मिळतात आणि प्रश्न शंभर असतात. चाळीस प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, तीस सामान्यज्ञानाचे आणि तीस शिक्षक-अभियोग्यतेचे. उमेदवार संगणकासमोर बसतो, चार पर्यायांतला एक निवडतो, वेळ संपली की उठतो. पुढे निकाल, गुणवत्ता यादी, महाविद्यालयांचा पसंतीक्रम, जागावाटपाच्या फेऱ्या. इंग्रजी माध्यमाकडे जायचे असेल तर ईएलसीटी नावाची आणखी एक चाचणी असते, आणि तीही पर्यायांवर टिचकी मारण्याचीच. या सगळ्या प्रवासात उमेदवाराला एकदाही तोंड उघडावे लागत नाही. कागदपत्रे तपासणाऱ्या खिडकीवर नाव सांगितले की झाले.

पुढची तीस-पस्तीस वर्षे बोलण्यात आणि ऐकण्यात घालवायची, अशा पेशाचे हे प्रवेशद्वार आहे.

नवी मुंबईत या व्यवस्थेचे दुसरे टोकही दिसते. वाशी, नेरूळ, सीवूड्स, खारघर या पट्ट्यात खासगी शाळा दाटीवाटीने उभ्या आहेत. सीबीएसईच्या आहेत, आयसीएसईच्या आहेत, राज्य मंडळाच्या आहेत. नव्या सत्राआधी या शाळांमध्ये शिक्षकांच्या मुलाखती सुरू होतात. हातात प्रमाणपत्रांची फाइल घेतलेल्या, कलफाची साडी किंवा साधा कुर्ता घातलेल्या मुली सकाळी साडेनऊलाच रिसेप्शनच्या सोफ्यावर बसलेल्या असतात. मुलगे संख्येने कमी. आतून हाक आली की आधी दोन-चार प्रश्न आणि मग लगेच ‘डेमो’. दोन वर्षांचे बी.एड. पदरात पडलेल्या या उमेदवारांना ‘तुम्हाला शिकवायचे का आहे?’ हा प्रश्न समोरासमोर बसून कोणी विचारण्याची ही अनेकदा पहिलीच वेळ असते. म्हणजे प्रशिक्षण आधी पूर्ण झाले आणि चौकशी नंतर सुरू झाली.

या उलट्या क्रमाकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. शिक्षकभरतीवर आपल्याकडे भरपूर बोलले जाते. शिक्षकभरतीचे सरकारी पवित्र पोर्टल, शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी), टीएआयटी, आरक्षणाची बिंदुनामावली, संचमान्यता यांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. पण प्रशिक्षणाच्या दारात कोणाला घ्यावे आणि ते कसे ठरवावे, हा प्रश्न सीईटीच्या तारखा जाहीर झाल्या की सुटला असे आपण धरून चालतो. तो सुटलेला नाही. प्रशिक्षणाला येणाऱ्या उमेदवाराशी कोणीतरी जाणत्याने पंधरा-वीस मिनिटे बोलले पाहिजे, त्याला मुलांसमोर उभे करून पाहिले पाहिजे आणि त्याचे गुण प्रवेशात धरले पाहिजेत.

असे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला असतो: मुलाखत म्हणजे वशिला. तो आक्षेप हवेतून आलेला नाही.

खासगी अनुदानित शाळांतली शिक्षकाची जागा ही महाराष्ट्रात कित्येक वर्षे ‘भरण्याची’ गोष्ट होती आणि ती कशाने भरायची हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. पगार सरकारने द्यायचा, नेमणूक संस्थेने करायची. मधल्या फटीत ‘डोनेशन’ वाढले. जागेची जाहिरात कोपऱ्यातल्या एखाद्या अंकात यायची, मुलाखतीचा दिवस ठरायचा, चहा-बिस्किटे व्हायची आणि निवड मात्र आठवडाभर आधीच झालेली असायची. बाहेरगावाहून एसटीने आलेला उमेदवार फळ्यावर जीव तोडून शिकवायचा आणि समोर बसलेले पदाधिकारी घड्याळ पाहायचे. या नाटकाला कंटाळलेल्या पिढीने मुलाखत या गोष्टीचाच धसका घेतला, तर दोष तिचा नाही.

सरकारने २ मे २०१२ च्या निर्णयाने शिक्षकभरतीवर बंदी आणली. पुढची काही वर्षे ती बंदी, तिच्या आडून झालेल्या नेमणुका आणि त्यांवरचे खटले यांत गेली. २०१७ मध्ये पवित्र पोर्टलची घोषणा झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिली शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी (टीएआयटी) झाली. दोनशे प्रश्न, दोन तास. एकशेवीस प्रश्न अभियोग्यतेचे, ऐंशी बुद्धिमत्तेचे. हीच चाचणी पुढे २०२३ मध्ये आणि २०२५ मध्ये झाली. दोन्ही वेळा बसणाऱ्यांची संख्या दोन लाखांच्या वर होती. देशपातळीवरही वारे याच दिशेचे होते. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने आपल्या खालच्या श्रेणींतल्या नोकऱ्यांसाठी मुलाखत बंद केली आणि त्याचे कारण उघडपणे सांगितले होते: गरिबाला मुलाखतीत नाडले जाते.

पवित्र पोर्टलने मुलाखत पूर्ण काढली मात्र नाही. खासगी संस्थांना ‘मुलाखतीसह’ आणि ‘मुलाखतीशिवाय’ असे दोन पर्याय दिले. मुलाखतीसह भरतीत चाचणीच्या गुणांवर उमेदवार सुचवले जातात आणि संस्था अध्यापन कौशल्य व मुलाखत यांची तीस गुणांची परीक्षा घेते. २०२४ च्या भरतीत जाहीर झालेल्या एकवीस हजारांहून अधिक पदांपैकी मुलाखतीसह भरायची पदे पाच हजारांच्या आत होती. जिल्हा परिषदा आणि महापालिकांच्या शाळांसाठी सरळ यादी. जिथे सरकार स्वतः मालक आहे, तिथे शिक्षकाला कोणी भेटत नाही. जिथे संस्था मालक आहे, तिथे भेटणाऱ्यावर कोणाचा विश्वास नाही.

पण मग चाचणी तरी स्वच्छ राहिली का? जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीचे गुण पैसे घेऊन वाढवल्याचे उघड झाले. डिसेंबर २०२१ मध्ये पुण्याच्या सायबर पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक केली आणि पुढे परिषदेने साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई केली. तिथे कोणतीही मुलाखत नव्हती, कोणा संस्थाचालकाचा भाचा समोर बसला नव्हता. सगळे ओएमआर उत्तरपत्रिकेवर आणि संगणकावर चालले होते. भ्रष्टाचाराला मुलाखत लागत नाही, त्याला अंधार लागतो. ‘मुलाखत नको, कारण पैसे चालतात’ हा युक्तिवाद म्हणूनच अर्धा आहे. त्याच न्यायाने लेखी परीक्षाही बंद करायला हवी होती. ती केली नाही, सुधारायचे ठरवले. मुलाखतीला मात्र ती संधी दिली गेली नाही.

आता त्या डेमोकडे जरा जवळून पाहू. समजा, एका उमेदवाराला पाचवी-सहावीचा अपूर्णांकांच्या बेरजेचा पाठ घ्यायला सांगितला आहे. समोर मुख्याध्यापिका, समन्वयक आणि गणिताच्या एक ज्येष्ठ बाई विद्यार्थी बनून बसल्या आहेत. उमेदवार फळ्यावर गोल भाकरी काढते, तिचे दोन भाग करते, दुसरीचे तीन भाग करते. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, सगळे बी.एड.मध्ये शिकवल्याबरहुकूम. फलकलेखन टापटीप. तेवढ्यात ज्येष्ठ बाई हात वर करतात: ‘टीचर, वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि तीन पाच. मग उत्तर दोन-पंचमांश का नाही?’

या एका प्रश्नावर खूप काही उघडे पडते. बहुतेक उमेदवार म्हणतात, ‘असे करायचे नसते, आधी छेद समान करायचा.’ गणित बरोबर आहे, शिकवणे नाही. नियम सांगितला, मूल जिथे अडकले होते तिथेच राहिले. एखादी मात्र थांबते, मुलाकडे पाहते आणि उलट विचारते: ‘बरं, दोन-पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?’ पाचातले दोन भाग म्हणजे अर्ध्याहून कमीच. मग अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी झाली? आता मूल स्वतःच म्हणते, ‘काहीतरी चुकलंय.’ इथून पुढे समान छेदाचा नियम त्याला गरज म्हणून हवा असतो. दोन मिनिटांचा हा खेळ चार पर्यायांच्या प्रश्नात बसवता येत नाही. कारण पर्याय छापले की बरोबर उत्तर समोरच असते. वर्गात ते समोर नसते, आणि मागच्या बाकांवरून तीस डोळे रोखून पाहत असतात.

बी.एड.च्या पाठ टाचणाचा तक्ता पाहिलेल्यांना एक गंमत आठवेल. एका रकान्यात शिक्षककृती, दुसऱ्यात विद्यार्थीकृती. विद्यार्थीकृतीच्या रकान्यात विद्यार्थी ‘लक्षपूर्वक ऐकतात’, ‘उत्तर देतात’, ‘वहीत लिहून घेतात’. टाचणातला विद्यार्थी कधी चुकत नाही, कधी जांभई देत नाही, ‘सर, बाथरूमला जाऊ?’ असे विचारत नाही. छात्राध्यापकांनी असे कितीतरी पाठ लिहिलेले असतात. म्हणून खऱ्या मुलाची पहिली चूक समोर आली की ते गडबडतात. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवड्यांची आंतरवासिता आली, ही मोठी सुधारणा होती. पण आंतरवासिता प्रवेशानंतर येते. ज्याला मुलांचा त्रास होतो, गोंगाटाने ज्याचे डोके उठते, त्याला हे कळेपर्यंत वर्ष आणि शुल्क दोन्ही गेलेले असतात. मग तो मागे फिरत नाही. पदवी घेतो, टीईटी देतो आणि नोकरीला लागतो. त्याचा त्रास पुढे मुलांच्या वाट्याला येतो.

ही तक्रार नवी नाही, आणि तिचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. राज्यातल्या २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि ऑगस्ट २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. त्या २९१ पैकी बहुसंख्य संस्था आयोगाला मान्यतेच्या लायकीच्या वाटल्या नाहीत. गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजे निघण्याचा तो काळ मराठी वाचकांना आठवत असेल: इमारत एका नावाने, ग्रंथालय कागदावर. आयोगाने शिक्षक-शिक्षणाच्या दारात येणाऱ्यांची पारख व्हावी असेही सुचवले होते. आपल्याकडे पारख म्हणून प्रवेशपरीक्षा तेवढी दिसते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० त्याहून पुढे जाते. शिकवण्याची आस आणि प्रेरणा जोखण्यासाठी वर्गातला प्रत्यक्ष पाठ किंवा मुलाखत हा शिक्षकनिवडीचा अविभाज्य भाग असावा आणि स्थानिक भाषेत शिकवण्याची तयारीही त्यातच पाहावी, असे त्यात म्हटले आहे. केंद्रीय विद्यालय संघटनेने आपल्या भरतीत लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक पाठ आणि मुलाखत घेतलेली आहे. म्हणजे हे भारतात जमत नाही असे नाही. पनवेलच्या ओएनजीसी वसाहतीतल्या केंद्रीय विद्यालयासाठी जे जमते, ते पनवेलच्याच शासकीय अध्यापक महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी का जमू नये?

धोरणातला ‘स्थानिक भाषा’ हा शब्द नवी मुंबईत वाचला की त्याचा खरा अर्थ लागतो. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर वसवले, ते आगरी-कोळी गावांच्या जमिनीवर. त्या गावांतली मुले आजही घरातून ‘पानी’ आणि ‘शाला’ म्हणत येतात. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या औद्योगिक पट्ट्यात, दिघ्यात, तुर्भे स्टोअरमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, विदर्भ-मराठवाडा, कर्नाटक अशा कुठून कुठून आलेल्या मजुरांची मुले महापालिकेच्या शाळेत एका बाकावर बसतात. उमेदवाराला विचारण्यासारखा प्रश्न इथेच आहे. पहिलीतले मूल वाचताना ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणाले. तुम्ही काय कराल? ‘उच्चार सुधारेन’ असे झटक्यात सांगणारा उमेदवार त्या मुलाला घरच्या भाषेची लाज शिकवायला निघाला आहे. ‘वाचले बरोबर, अर्थ कळला, आधी शाबासकी देईन, ‘ळ’चे पुढे पाहू’ असे म्हणणारा उमेदवार वर्गात चालेल. आणि ‘तो आगरी असेल, तर मी आधी त्याच्याकडून त्याचे दोन शब्द शिकेन’ असे कोणी म्हणाले, तर मुलाखत तिथेच संपवून त्याला प्रवेश द्यायला हरकत नाही.

बोलून, पाहून माणूस निवडण्याची रीत मराठी शिक्षणाला परकीही नाही. १९४५ मध्ये बोरिवलीत कस्तुरबा ट्रस्टचे शिबिर भरले होते. ताराबाई मोडक तिथे बालशिक्षणाच्या कामासाठी माणूस शोधत आल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई तेव्हा पस्तिशीच्या, बालविधवा, आधीच शिक्षिका म्हणून काम केलेल्या. त्याच वर्षाअखेर बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली मुलांच्या दारात जाऊन भरणाऱ्या अंगणवाड्यांचा, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठीच्या कुरणशाळांचा प्रयोग तिथे उभा राहिला. ताराबाईंनी अनुताईंची बुद्धिमत्ता चाचणी घेतली असती, तर अनुताई उत्तीर्ण झाल्याच असत्या. प्रश्न तो नाही. बोर्डीच्या झोपड्यांत जाऊन मुलांची शेंबडी नाके पुसण्याची ज्यांची तयारी आहे अशा बाई कोण, हे त्या चाचणीने सांगितले नसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही शाळा काढायच्या तर शिक्षक आपल्यालाच घडवावे लागतील हे ओळखले आणि १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. त्याच रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालये आज वाशीत आहेत.

अर्थात एका ताराबाईंच्या नजरेवर राज्याची यंत्रणा चालवता येत नाही. दरवर्षी हजारोंनी येणाऱ्या उमेदवारांसाठी नजर पुरत नाही, रीत लागते. बाहेरच्या देशांनी ती कशी बसवली हे पाहण्यासारखे आहे. फिनलंडमध्ये प्राथमिक शिक्षक होण्यासाठी आधी शालान्त परीक्षेचे गुण किंवा विद्यापीठांची सामाईक लेखी परीक्षा यांवर पहिली चाळणी होते, तिच्यातून निवडलेल्यांना विद्यापीठात बोलावून त्यांची मुलाखत आणि अभियोग्यता पाहिली जाते. अर्ज करणाऱ्यांतल्या थोड्यांनाच प्रवेश मिळतो. सिंगापूरमध्ये शिक्षण मंत्रालयच मुलाखत घेते आणि अनेकांना प्रशिक्षणाआधी काही काळ शाळेत कंत्राटी शिक्षक म्हणून काम करून पाहावे लागते. जमले तर प्रशिक्षण. इंग्लंडमध्ये शिक्षक-प्रशिक्षणाला अर्ज केला की मुलाखत ठरलेलीच, आणि बऱ्याच ठिकाणी एखादा छोटा पाठ किंवा गटचर्चाही असते. या तिन्ही देशांत लेखी गुणवत्तेला फाटा दिलेला नाही. तिच्या जोडीला माणूस पाहिला जातो.

मुलाखतीच्या विरोधकांकडे एक शास्त्रीय मुद्दाही आहे आणि तो वजनदार आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पंच्याऐंशी वर्षांच्या संशोधनाचा ताळा मांडला. त्यात दिसले की गप्पांच्या अंगाने जाणारी, ज्याला जे सुचेल ते विचारणारी मुलाखत पुढच्या कामाचा अंदाज बेताचाच देते. आपल्याकडच्या ‘तुमच्याबद्दल सांगा’, ‘छंद कोणते’, ‘वडील काय करतात’ छापाच्या मुलाखती याच जातीच्या. वडील काय करतात हा प्रश्न तर शिक्षकाच्या निवडीत विचारायचाच कशाला? त्याच अभ्यासात दिसले की सगळ्यांना तेच प्रश्न, आधी ठरवलेले निकष आणि गुणांची पट्टी अशी बांधीव मुलाखत मात्र बऱ्यापैकी खरी ठरते. तेव्हा मुलाखत हवी की नको, असा वाद घालण्यात अर्थ नाही. ती कोणत्या जातीची हवी, एवढेच ठरवायचे आहे.

दुसरा धोका इंग्रजीचा. नवी मुंबईतल्या खासगी शाळेच्या मुलाखतीत सफाईदार इंग्रजी बोलणारी उमेदवार गणित कच्चे असूनही पुढे सरकते आणि पनवेल-उरणच्या गावातून आलेली, मुलांत रमणारी उमेदवार दोन वाक्यांत अडखळली की मागे पडते. असे घडते, आणि मुलाखत सुरू केली की हा पूर्वग्रह बी.एड.च्या दारातही शिरेल, ही भीती खरी आहे. जात आणि आडनाव हेही मुलाखतीच्या टेबलावर अदृश्यपणे बसलेले असतात. त्यावर उपाय अवघड नाहीत, फक्त कष्टाचे आहेत. ज्या माध्यमात शिकवायचे त्या भाषेतच मुलाखत. परीक्षक तीन, त्यांतला एक दुसऱ्या जिल्ह्याचा आणि एक प्रत्यक्ष वर्ग घेणारा शिक्षक. संस्थाचालक एकही नको. पाठ मोठ्या माणसांसमोर नको. दहा-बारा खऱ्या मुलांसमोर पंधरा मिनिटे. गुणांची पट्टी आधी जाहीर. सगळ्याचे ध्वनिचित्रमुद्रण आणि उमेदवाराने हरकत घेतली तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या परीक्षकांकडून ते पुन्हा तपासून घेण्याची सोय. मुलाखत व पाठ मिळून एकूण वजन वीस-पंचवीस टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे लेखी परीक्षेत अव्वल आलेल्याला कोणी ‘पाडू’ शकणार नाही. रायगड जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था पनवेलमध्येच आहे, आसपास महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. प्रयोगाला एवढे पुरेसे आहे.

खर्च आणि मनुष्यबळ कुठून आणायचे, हा प्रश्न येईलच. ज्या राज्यात सीईटीच्या शुल्कापोटी लाखो विद्यार्थी दरवर्षी पैसे भरतात, तिथे हा प्रश्न जरा लाजतच विचारायला हवा.

त्याहून जड प्रश्न वेगळा आहे: इतके पारखून घेतलेल्याला आपण देणार काय? २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हापासून नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे मानधनावर जातात. २०२३ मध्ये ते मानधन वाढून प्राथमिकला सोळा हजार, माध्यमिकला अठरा हजार आणि उच्च माध्यमिकला वीस हजार रुपये झाले. त्याआधी प्राथमिक शिक्षणसेवकाला सहा हजार मिळत. नवी मुंबईत घर भाड्याने घेऊ पाहणाऱ्या कोणालाही या आकड्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. विनाअनुदानित शाळांतली परिस्थिती याहून बरी असतेच असे नाही. डी.एल.एड.च्या, म्हणजे पूर्वीच्या डी.एड.च्या, हजारो जागा रिकाम्या राहतात त्या उगाच नाही. म्हणून कोणी म्हणेल, आधी पगार द्या, मग पारख करा. यात तथ्य आहे. पण ‘कमी पैसे देतो, म्हणून कोणालाही घेतो’ हा करार मुलांना न विचारता झालेला आहे, हेही ध्यानात घ्यावे. फिनलंडमध्येही पगार डोळे दिपवणारे नाहीत. तिथे शिक्षक-प्रशिक्षणाला प्रवेश मिळणे हीच प्रतिष्ठा आहे, आणि ती प्रतिष्ठा दारातल्या कठीण निवडीने येते. आपल्याकडे ‘दुसरे काही जमले नाही, म्हणून बी.एड. केले’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ते बंद व्हायचे असेल, तर बी.एड. न जमणेही शक्य असायला हवे.

आता ज्यांना ही परीक्षा आज ना उद्या द्यायचीच आहे, त्यांच्या तयारीबद्दल. मुलाखतीचे मार्गदर्शन करणारे वर्ग तयार उत्तरे पाठ करून घेतात. ‘मला लहानपणापासून शिकवण्याची आवड’, ‘शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार’, ‘माझी कमजोरी म्हणजे मी फार परिपूर्णतेचा आग्रह धरते’. दिवसभरात वीस जणांकडून हीच वाक्ये ऐकणाऱ्या परीक्षकाच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही. त्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात मी महापालिकेच्या शाळेत आठ दिवस बसले, चौथीतल्या निम्म्या मुलांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती आणि त्यातल्या एकीला मी काड्यांच्या जुड्या सोडवून शिकवायचा प्रयत्न केला, जमले नाही, दुसऱ्या दिवशी सुट्ट्या पैशांनी जमले’ असे कोणी सांगितले, की परीक्षक पेन खाली ठेवून ऐकू लागतो. हे पाठ करता येत नाही. यासाठी शाळेत जाऊन बसावे लागते, आणि मुलाखतीच्या तयारीचा याहून चांगला अभ्यासक्रम कोणत्याही क्लासकडे नाही. सोबत आपल्या विषयाचे पाठ्यपुस्तक पहिलीपासून आठवीपर्यंत सलग वाचावे. मुले एखाद्या ठिकाणी का अडखळतात त्याचे मूळ बहुतेक वेळा दोन इयत्ता मागे असते. आणि दहा मिनिटांचा एक पाठ शेजारच्या सोसायटीतल्या चार मुलांसमोर घ्यावा, मोबाइलवर चित्रित करावा आणि स्वतःच पाहावा. आपण किती बोलतो आणि मुले किती बोलतात याचा हिशेब पाहून बहुतेकांची पहिल्यांदा मान खाली जाते.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यासह निकाल देताना, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. राज्यभर शिक्षकांमध्ये खळबळ उडाली. पंधरा-वीस वर्षे शिकवलेल्या माणसाला पुन्हा पर्याय निवडायला बसवायचे आणि विशीतल्या उमेदवाराला मुलांसमोर उभे न करता प्रशिक्षणाला घ्यायचे, अशा दोन टोकांवर ही व्यवस्था आज उभी आहे.

राज्य सीईटी कक्षाने पुढच्या प्रवेशवर्षापासून एका जिल्ह्यात तरी हा प्रयोग करून पाहावा. रायगड त्याला सोयीचा आहे. तोवर बी.एड.चा अर्ज भरू पाहणाऱ्या नवी मुंबईतल्या प्रत्येकाने आपल्या भागातल्या महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटावे, आठवडाभर वर्गात मागे बसू देण्याची लेखी परवानगी मागावी आणि ती मिळाल्यावर रोज एका मुलाशी तरी बोलावे. मुख्याध्यापकांनी ती परवानगी नाकारू नये.